माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे

जिल्हा न्यायालयातील फौजदारी खटला अपिलात उच्च न्यायालयात गेला, की त्यातील मराठी कागद इंग्रजीत करून द्यावे लागतात. हे काम मी बरीच वर्षे केले. फिर्यादी, जबाब, पंचनामे, साक्षी यांचे गठ्ठे घरी येत आणि जेवणाच्या टेबलाची एक बाजू कायमची अडवून बसत. या कामात एक गोष्ट फार लवकर लक्षात येते. जबाब देणारी माणसे निरनिराळी असली, तरी कागदावर ती सगळी एकाच आवाजात बोलतात. सत्तरीचा शेतकरी असो, रिक्षावाला असो किंवा नववीतली मुलगी असो, प्रत्येक जण "समक्ष विचारल्यावरून सांगते की" असे म्हणून सुरुवात करतो आणि "सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे" असे म्हणून थांबतो. मधल्या पानांत ती नववीतली मुलगी "त्याने माझे मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले" असेही बोलून जाते. नववीतल्या कोणत्याही मुलीच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडणे शक्य नाही, हे लिहून घेणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ते सांगणाऱ्या मुलीलाही. तरीही पुढे जे काही ठरते, ते याच कागदावरून ठरते.

नेटफ्लिक्सवरील 'अनबिलीव्हेबल' ही मालिका मी पाहायला घेतली, तेव्हा ही पार्श्वभूमी डोक्यात असल्यामुळे असेल, पहिला भाग मी गोष्ट म्हणून पाहूच शकले नाही. हातात भाजीची यादी केलेला कागद होता, त्याच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने रेघा ओढत गेले. मालिकेतल्या मरी या तरुणीला, तिच्यावर झालेल्या बलात्काराचा प्रकार सांगायला लावला, की एक रेघ.

पहिली रेघ गणवेशातल्या पोलिसासाठी. सकाळची वेळ, मरी आपल्या छोट्याशा घरात पांघरूण लपेटून बसलेली, आणि तो विचारतो, ती सांगते. दुसरी रेघ थोड्या वेळाने आलेल्या तपास अधिकाऱ्यासाठी. त्याला हेच सारे पहिल्यापासून ऐकायचे असते. तिसरी रुग्णालयात, तपासणीच्या टेबलावर. चौथी पोलीस ठाण्यात, पुन्हा त्याच अधिकाऱ्यासमोर, आणि पाचवी लगेच, कारण आता त्याला तेच लेखी हवे असते. मरीचे डोके दुखत आहे, ती रात्रभर झोपलेली नाही, तिच्या हाताशी एक कोरा फॉर्म सरकवला जातो. तिला कोणी ओरडत नाही. सगळे जण सौम्य आवाजात, "फक्त आणखी एकदा" एवढेच म्हणतात. या भागाचे दिग्दर्शन लिसा चोलोडेन्को यांनी केले आहे आणि त्यात हल्ल्याची दृश्ये क्षणाक्षणाने चमकून जातात. प्रत्येक वेळी मरी सांगू लागली की ती परत येतात, थोडी वेगळ्या ठिकाणाहून. सांगणे म्हणजे आठवणे आणि आठवणे म्हणजे पुन्हा त्या खोलीत जाणे, हे एकाही संवादाविना पडद्यावर दिसते.

मालिका 13 सप्टेंबर 2019 रोजी आली. आठ भाग. सुझॅना ग्रँट, एयलेट वाल्डमन आणि मायकल शेबॉन हे तिचे निर्माते. मूळ गोष्ट घडलेली आहे, आणि ती 2015च्या डिसेंबरात 'प्रोपब्लिका' व 'द मार्शल प्रोजेक्ट' या दोन वृत्तसंस्थांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या एका दीर्घ लेखातून जगापुढे आली. टी. ख्रिश्चन मिलर आणि केन आर्मस्ट्राँग या पत्रकारांच्या त्या लेखाला पुढल्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. ज्यांना मालिका पाहणे झेपणार नाही, त्यांनी लेख तरी वाचावा, असे मी म्हणणार होते. पण खरे सांगायचे तर लेख वाचणे जास्त अवघड आहे, कारण त्यात मरीची भूमिका करणाऱ्या केटलिन डेव्हरचा चेहरा मदतीला नसतो.

ऑगस्ट 2008. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील लिनवुड हे सिअॅटलच्या जवळचे गाव. मरी अठरा वर्षांची. (हे तिचे मधले नाव, पूर्ण नाव पत्रकारांनी दिलेले नाही आणि मालिकेत दिलेले आडनाव काल्पनिक आहे.) तिचे बालपण सरकारी देखरेखीखाली परक्या कुटुंबांत गेले. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत याला प्रतिपालकत्व म्हणतात. अशी दहा-अकरा घरे तिने पाहिली. अठरा पूर्ण झाल्यावर ती व्यवस्था संपते, म्हणून अशा मुलामुलींना एकट्याने राहायला शिकवणाऱ्या एका गृहयोजनेत तिला छोटे घर मिळाले होते. स्वतःची किल्ली असलेले आयुष्यातले पहिले घर. त्या घरात पहाटे एक अनोळखी माणूस शिरला. त्याने तिच्याच बुटांच्या नाड्यांनी तिचे हात बांधले, तिच्यावर बलात्कार केला, छायाचित्रे काढली आणि वाच्यता केलीस तर ती सर्वांना दिसतील अशी धमकी देऊन तो निघून गेला. मागे जवळजवळ काहीही सापडण्यासारखे ठेवले नाही.

पुढच्या तीन-चार दिवसांत तक्रारदार मरी संशयित झाली.

तपासात काय चुकले, असे कोणी मला विचारले तर मी एका तफावतीकडे बोट दाखवीन. मरीने तोंडी सांगताना म्हटले होते, की तो गेल्यावर आधी तिने कात्रीने नाड्या कापल्या आणि मग मित्राला फोन केला. लेखी जबाबात तिने लिहिले, की आधी फोन केला आणि मग बांधलेले हात सोडवले. इतकेच. आमच्या धंद्यातला शब्द वापरायचा तर ही 'विसंगती'. ज्या मुलीला एकच प्रसंग चोवीस तासांत चार-पाच वेळा सांगावा लागला, तिच्या सांगण्यात दोन कृतींचा क्रम उलटा झाला, याचे आश्चर्य वाटण्याऐवजी चारही वेळा एकच क्रम आला असता तर संशय घ्यायला हवा होता.

यावरून मला माझ्या टेबलावर आलेला एक गठ्ठा आठवतो. कोणाची ओळख पटेल असे त्यातले काही सांगणार नाही, फक्त कुकर सांगते. त्या मुलीच्या पहिल्या जबाबात, पोलिसी मराठीच्या त्या सपाट पट्टीत, एक वाक्य मध्येच जिवंत होते: "तेव्हा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या." न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या दुसऱ्या जबाबात कुकर नुकताच बंद झालेला होता. आणि साक्षीत, दोनेक वर्षांनी, ती म्हणाली की कुकर लावला होता की नाही हे आता आठवत नाही. उलटतपासणीची दोन पाने निव्वळ कुकरची आहेत. आपल्याकडे साक्षीत वकिलाचा प्रश्न सहसा लिहिला जात नाही, साक्षीदाराचे नाकारणे तेवढे लिहिले जाते, त्यामुळे ती पाने अशी वाचावी लागतात: "हे म्हणणे खरे नाही की, त्या दिवशी कुकर लावलाच नव्हता. हे म्हणणे खरे नाही की, शिट्ट्यांबाबत मी नंतर विचार करून सांगितले. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटे सांगत आहे." हे शेवटचे वाक्य जवळजवळ प्रत्येक उलटतपासणीच्या तळाशी असते, भाषांतरकाराची बोटे ते न वाचताच टाइप करतात. पण 'मी खरे सांगत आहे' असे साधे होकारार्थी बोलण्याची सोय त्या सबंध कागदात कुठेही नसते, हे मला पुष्कळ वर्षांनी जाणवले.

मरीला तर हे वाक्यही म्हणता आले नाही. तिच्या बाबतीत शंकेची ठिणगी पोलिसांच्या डोक्यात पडली नव्हती. ती तिच्यावर माया करणाऱ्या बाईकडून आली. मालिकेत तिचे नाव जूडिथ आहे. मरीला तिने काही काळ सांभाळलेले होते, बातमी कळताच ती धावत आली, आणि तरीही नंतर तिनेच तपास अधिकाऱ्याला फोन करून सांगितले की मुलगी ज्या कोरडेपणाने बोलते आहे ते मला विचित्र वाटते, तिला लोकांनी आपल्याकडे पाहावे अशी सवय आहे. दुसरी एक पूर्वीची पालक आई, मालिकेतली कॉलीन, मरीला नवे अंथरूण-पांघरूण घ्यायला दुकानात घेऊन जाते. पोलिसांनी जुने तपासासाठी नेलेले असते. मरीला पूर्वीसारखेच हवे असते, अगदी त्याच नक्षीचे. ते मिळत नाही म्हणून ती चिडते. कॉलीन थक्क होते. ज्या पांघरुणावर हे सारे घडले, तसलेच पुन्हा कोणाला कसे हवे असेल? दृश्य दोन मिनिटांचे आहे, पण सबंध मालिकेत मला सर्वांत जास्त बोचले ते हेच. ज्या मुलीने लहानपणापासून दर थोड्या महिन्यांनी अंथरूण बदललेले पाहिले, तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी निवडलेली ती चादर होती. तिला ती परत हवी होती, यात न समजण्यासारखे काय आहे? पण आपल्या मनात एक नमुना तयार असतो, दुःखी मुलगी कशी बसते, कशी रडते, कशाला हात लावत नाही याचा. आणि समोरची मुलगी त्या नमुन्यात बसली नाही, की चूक नमुन्याची आहे असे आपल्याला सुचत नाही.

मग ते दृश्य येते. अधिकारी पार्कर आणि त्याचा सहकारी मरीला ठाण्यात बोलावतात. एरिक लँगने रंगवलेला पार्कर दुष्ट नाही. तो थकलेला, जरासा बापासारखा बोलणारा माणूस आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. ते तिला विसंगती दाखवतात, तुझ्या जवळच्या माणसांनाही शंका आहे असे सांगतात, आणि मग काही खरे असेल ते लिहून दे म्हणतात. ती लिहून देते, की कदाचित ते स्वप्न असेल. पार्कर तो कागद वाचतो आणि परत करतो. हे त्याला नको असते. 'मला वाटले की घडले' आणि 'मी रचले' यांतले दुसरेच वाक्य त्याला हवे असते, आणि ते मिळेपर्यंत कागद मरीच्या पुढे राहतो. शेवटी ती ते लिहिते. तिला त्या खोलीतून बाहेर जायचे असते. काही दिवसांनी ती परत येऊन "खरेच घडले होते" असे म्हणते, तेव्हा तिला असत्यशोधक यंत्राची आणि तुरुंगाची भीती घातली जाते, आणि ती पुन्हा माघार घेते. वास्तवातही असेच घडले. नंतर शेजारच्या यंत्रणेतल्या, स्नोहोमिश परगण्यातील लैंगिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या एका अधिकाऱ्याने या प्रकरणाचा बाहेरून आढावा घेतला. लिनवुडच्या पोलिसांनी मरीला धाकदपटशाने जबाब फिरवायला लावले, असा त्याचा निष्कर्ष होता.

गृहयोजनेतील सगळ्या मुलामुलींसमोर वर्तुळात उभे करून मरीला "मी खोटे बोलले" असे म्हणायला लावतात, त्या दृश्याविषयी मी फार लिहीत नाही. इतके पुरे, की तिथे शिक्षा देणारे कोणी न्यायाधीश नव्हते.

त्यानंतर टपालाने एक कागद आला. खोटी तक्रार केल्याचा गुन्हा मरीवर दाखल झाला होता, ज्यात वर्षभराच्या कैदेची शिक्षा होऊ शकत होती. सरकारी खर्चाने मिळालेल्या वकिलाने तडजोड करून दिली: वर्षभर देखरेख, खोटे बोलण्याच्या सवयीसाठी समुपदेशन आणि न्यायालयाच्या खर्चापोटी 500 डॉलर. खोटे न बोललेल्या मुलीने खोटे बोलण्यावरचे उपचार घ्यावेत, असा आदेश.

इथे भारतीय वाचकाला आपला कायदा आठवणे साहजिक आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याच्या 22व्या कलमात खोट्या तक्रारीबद्दल शिक्षा आहे, पण त्याच कलमात असेही स्पष्ट म्हटले आहे की खोटी तक्रार मुलाने किंवा मुलीने केली असेल, तर त्या मुलाला शिक्षा करायची नाही. 2012च्या या कायद्यात आणखीही काही शहाणपणाच्या गोष्टी आहेत: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, साक्षीसाठी न्यायालयात वारंवार बोलावू नये. कायदा लिहिणाऱ्यांना त्या रेघा ठाऊक होत्या, असे म्हणायला हरकत नाही. ठाण्यात प्रत्यक्ष काय होते, ते ज्यांचे कागद माझ्या टेबलावर येत त्यांना विचारावे. पण मरीला यातले काहीच लागू झाले नसते. ती अठरा वर्षांची होती. सतरा वर्षे आणि काही महिन्यांपर्यंत ज्या मुलीबद्दल सगळे निर्णय दुसरे घेतात, ती एका वाढदिवसानंतर अचानक जाणती होते. आपल्या बालगृहांतून अठरा पूर्ण झाले म्हणून बाहेर पडणाऱ्या मुलींचे काही वेगळे नाही. 2015च्या बालन्याय कायद्यात त्यांच्यासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, पण रात्री काही घडले तर फोन कोणाला करायचा, हे तरतुदीत लिहिता येत नाही. मरीने ज्यांना फोन केला, त्यांनीच पोलिसांना फोन केला.

दुसऱ्या भागापासून मालिका कोलोरॅडोत जाते, साल 2011. करेन डुव्हॉल (मेरिट वीव्हर) आणि ग्रेस रॅसम्युसन (टोनी कोलेट) या दोन तपास अधिकारी. त्यांच्या मागे गोल्डन आणि वेस्टमिन्स्टर या गावांतल्या स्टेसी गॅलब्रेथ आणि एडना हेंडरशॉट या खऱ्या अधिकारी आहेत. डुव्हॉल पहिल्यांदा पीडितेला भेटते ते दृश्य पाहताना माझी पेन्सिल नुसती हातात राहिली. ती मुलीला विचारते की आता बोलायला चालेल का, कुठे बसून बोलायला आवडेल, आणि मग दोघी मोटारीत जाऊन बसतात. चेहऱ्यावरून नमुना घेण्यापूर्वी ती काय करणार आहे ते सांगते आणि होकाराची वाट पाहते. पुढे रुग्णालयात काय काय होईल, तेही आधीच सांगते. ती मुलगीही फारशी रडत नाही. तिचेही बोलणे कोरडेच आहे. पण डुव्हॉलला ते खटकत नाही, कारण मुलगी कशी बोलते हे ती मोजत बसलेली नाही. काय बोलते ते ती टिपून घेते. हल्लेखोराच्या पोटरीवरची जन्मखूण याच सांगण्यातून मिळते.

वीव्हरचा अभिनय मला कोलेटपेक्षा उजवा वाटला, हे जाता जाता नोंदवते. कोलेटकडे चटपटीत संवाद आहेत, वीव्हरकडे ऐकणे आहे, आणि ऐकण्याचा अभिनय करणे ही फार कठीण गोष्ट आहे.

तरी या भागांविषयी माझी एक तक्रार आहे. तपास जसा वेग घेतो, तशी मालिका स्वतःच त्या वेगावर खूश होते. पांढऱ्या माझ्दा गाडीचा माग लागतो, बुटांचे ठसे जुळतात, दोन अधिकारी मैत्रिणी होऊ लागतात, आणि बघता बघता आपण मरीला विसरतो. कदाचित हेच दाखवायचे असेल, कारण तिच्या गावातले सगळेही तिला तसेच विसरले होते. पण मला वाटते, रहस्यकथेचे सुख प्रेक्षकाला थोडे जास्तच दिले गेले. आणखी एक गैरसमज यातून होऊ शकतो, तो म्हणजे स्त्री अधिकारी नेमल्या की प्रश्न सुटला. मरीवर अविश्वास दाखवण्यात बायका मागे नव्हत्या, हे वर आलेच आहे. आणि प्रकरण जुळले ते तरी कसे? गॅलब्रेथ यांचा नवरा वेस्टमिन्स्टरच्या पोलिसांत होता. रात्री घरी दिवसभराचे बोलणे निघाले, तेव्हा तो म्हणाला की आमच्याकडेही असेच एक प्रकरण आहे. गुन्हेगार मुद्दाम प्रत्येक वेळी वेगळ्या पोलीस हद्दीत जात असे, कारण एका हद्दीचे पोलीस दुसरीकडे विचारत नाहीत हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याची ही पद्धत नवराबायकोच्या घरगुती बोलण्यात मोडली. यंत्रणेला याचे श्रेय देणे मला जमत नाही.

अविश्वासाची किंमत एकट्या मरीने मोजली असेही नाही. तिच्यानंतर दोनेक महिन्यांनी शेजारच्या कर्कलंड गावात 63 वर्षांच्या एका बाईवर अगदी तशाच रीतीने हल्ला झाला. तिथल्या पोलिसांनी साम्य पाहून लिनवुडला विचारणा केली. उत्तर आले, की आमचे प्रकरण खोटे निघाले आहे, मुलीवर आम्ही गुन्हा दाखल केला आहे. धागा तिथेच तुटला, आणि तो माणूस पुढे कोलोरॅडोला गेला.

मालिका पाहून झाल्यावर मी मथुरा प्रकरणाचा निकाल पुन्हा काढून वाचला. हे प्रकरण आपल्याकडचे, 26 मार्च 1972च्या रात्रीचे, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आणि आज गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातले. मथुरा ही मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली, भावाकडे राहून मोलमजुरी करणारी. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाच्याच तक्रारीच्या चौकशीसाठी ती ठाण्यात गेली होती, आणि तिथे तिच्यावर झालेल्या बलात्काराचे आरोपी दोन पोलीस होते. 1974 साली सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तेव्हा न्यायाधीशांनी त्या मुलीसाठी 'शॉकिंग लायर' असे शब्द वापरले. हे शब्द मी भाषांतरकाराच्या सवयीने कितीदा तरी मराठीत करून पाहिले. 'धक्कादायक खोटारडी' हे फारच गुळमुळीत होते. 'खोटं बोलण्यात निर्लज्ज' जरा जवळ जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 साली हा निकाल फिरवून दोघांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने 1978च्या सप्टेंबरात ती रद्द केली. अंगावर जखमेच्या खुणा नाहीत, म्हणून प्रतिकाराची हकीकत खोटी, असे त्यामागचे तर्कशास्त्र. पुढे 1979 साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र, त्यातून उठलेले आंदोलन आणि 1983 साली झालेली कायद्याची दुरुस्ती हा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. त्या दुरुस्तीने पोलिसांच्या ताब्यातील बलात्कारात, स्त्रीने न्यायालयात 'माझी संमती नव्हती' असे सांगितले तर तसे गृहीत धरायचे ठरले. थोडक्यात, निदान तिथे तरी, तिच्या सांगण्यापासून सुरुवात करायचे ठरले. मथुरेच्या शिक्षेत मात्र त्याने काही फरक पडला नाही. मी शिक्षा हा शब्द चुकून लिहिलेला नाही.

मरीच्या बाबतीत पुरावा मिळाला, आणि तो मिळाला नसता तर आज ती कागदोपत्री खोटी तक्रार करणारीच राहिली असती. फेब्रुवारी 2011मध्ये आरोपी पकडला गेला. त्याच्या साठवणीतील शेकडो छायाचित्रांत गॅलब्रेथ यांना एका अनोळखी तरुण मुलीचे छायाचित्र दिसले. तिच्या छातीवर तिचाच शिकाऊ वाहन परवाना ठेवलेला होता. नाव आणि लिनवुडचा पत्ता स्पष्ट वाचता येत होता. तिला जे पाच वेळा सांगून पटवता आले नव्हते, ते त्या माणसाने स्वतःच्या हौसेसाठी जपून ठेवले होते, आणि ते पाहताच सर्वांना पटले. आरोपीला कोलोरॅडोत 327 वर्षांहून अधिक कारावास झाला. मरी आणि कर्कलंडच्या बाईच्या प्रकरणांची शिक्षा वेगळी.

लिनवुडचे पोलीस मरीला शोधत गेले आणि त्यांनी तिच्या हातात 500 डॉलर परत ठेवले. पुढे तिने दावा लावला आणि शहराने दीड लाख डॉलर देऊन तो मिटवला. मालिकेत ती पार्करला स्वतः जाऊन भेटते. लांबलचक भाषण नाही. ती क्षमा मागायला लावते आणि पुढच्या वेळी नीट करा, असे सांगते. त्याआधीच्या एका भागात, न्यायालयाच्या आदेशाने ज्या समुपदेशक बाईंकडे तिला जावे लागते, त्या विचारतात की पुन्हा असा प्रसंग आला तर तू काय वेगळे करशील. मरी थोडा विचार करून म्हणते, की मी आधीच आणि जास्त चांगले खोटे बोलेन. चांगली माणसेसुद्धा, खरे अडचणीचे असले तर ते ऐकत नाहीत, हे तिला कळलेले असते. तिथे केटलिन डेव्हरच्या आवाजात राग नाही, तक्रार नाही. वर्गात गणिताचे उत्तर सांगावे तसे ती सांगते.

आणि अगदी शेवटी ती डुव्हॉलला फोन करते. दोघी कधी भेटलेल्या नाहीत. मरी आपली ओळख सांगते, आभार मानते, आता आपण चांगल्याची कल्पना करू शकतो असे काहीसे म्हणते. डुव्हॉल ऐकते. माझ्या भाजीच्या यादीवर यासाठी कोणतीही रेघ नव्हती.

कुकरवाल्या मुलीच्या अपिलाचे काय झाले, हे मला कळले नाही. भाषांतरकाराला निकाल कळवण्याची पद्धत नाही. शिपाई येऊन गठ्ठा घेऊन गेला आणि महिनाअखेरीस पानाच्या ठरलेल्या दराने पैसे आले, कुकरच्या दोन पानांचेही.